सिकाडाची कात, सातबारा आणि १८९ दिवस

माझं साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण आयटीआय, वय ४९. शाळा सुटल्यापासून प्राणिशास्त्राचं एकही पुस्तक हातात घेतलं नव्हतं. तरी १ ऑगस्ट २०२५ ला एका महाविद्यालयाच्या संग्रहात सिकाडाचे, म्हणजे उन्हाळ्यात झाडावर ओरडणाऱ्या एका किड्याचे, १९ नमुने, त्याने टाकलेल्या ६३ काती आणि ३८ ध्वनिमुद्रणं मी जमा केली. याला तीन वर्षं लागली. त्यातला मोठा काळ किडे शोधण्यात गेला नाही. कुणाकडे जायचं, अर्जात काय लिहायचं आणि कुठे पाऊल टाकायचं नाही, हे न कळण्यात गेला. दुसऱ्या कुणाचा तेवढा काळ वाचावा म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

मे २०२२. ताईचं सासर जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला. दाजींची विहिरीवरची मोटार जळाली होती. ती वर काढून घेतली आणि दम खात आंब्याखाली बसलो. झाडात एक आवाज चालू होता. बारीक सुरू व्हायचा, चढत जायचा आणि मग एकदम तुटायचा. माझा धंदा निम्मा कानाचा आहे. बेअरिंग गेलंय की बुश, हे मोटार उघडण्याआधी आवाजावरून सांगावं लागतं. हा आवाज काही केल्या ओळखू येईना. दाजींना विचारलं. ते म्हणाले, "रातकिडं हायती. उन्हाळ्यात वराडत्यातच." पण दुपारचे अडीच वाजले होते. उठून झाडाभोवती फिरलो, तर खोडावर छातीच्या उंचीला एक तपकिरी किडा सालीला घट्ट धरून बसलेला. हात लावला तर पोकळ. पाठ मधोमध उललेली, आतला जीव निघून गेलेला. डोळ्यांवरचा काचेसारखा पापुद्रासुद्धा शाबूत होता.

ती सिकाडाची कात होती, हे कळायला पुढे दोन महिने लागले. आपल्याकडे दिवसा ओरडणाऱ्यालाही रातकिडाच म्हणतात, म्हणून शोधताना मी सतत भलत्याच किड्यापाशी पोचायचो. खरा रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो, त्याच्या मिशा लांब असतात आणि तो उड्या मारतो. सिकाडा निराळा. तो ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्या गणातला, सोंडेने रस ओढणारा. मिशा केसाएवढ्या, दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मधे कपाळावर तीन बारीक डोळे. नराच्या पोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक कडक पापुद्रा असतो, त्यावर बरगड्यांसारख्या रेघा. त्याला टिंबल म्हणतात. पत्र्याच्या डबीचं झाकण दाबलं की 'टक' आणि सोडलं की पुन्हा 'टक' होतं ना, तसं आतला स्नायू तो पापुद्रा ओढतो आणि सोडतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. नराचं पोट आतून बरंचसं पोकळ असल्यामुळे तो आवाज घुमून मोठा होतो. आफ्रिकेतल्या ब्रेव्हिसाना ब्रेव्हिस या जातीचा आवाज अर्ध्या मीटरवरून १०६.७ डेसिबल मोजला गेला आहे. आमच्या दुकानात ग्राइंडर चालू असला तरी साधारण एवढाच आवाज होतो, आणि तो किडा बोटभर लांबीचा.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही, जिथे जाईन तिथून काती आणल्या. यवतेश्वरचा घाट, अजिंक्यताऱ्याची चढण, दाजींची आमराई. मिठाईच्या डब्यात ४१ जमल्या. काती गोळा करायला कसलं कौशल्य लागत नाही, जीव मारावा लागत नाही आणि त्यातून शिकायला फार मिळतं. भिंग घेऊन आत पाहिलं की पांढरे दोरे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना किडा तेसुद्धा सोडून जातो. पुढचे पाय खेकड्याच्या नांगीसारखे जाड, कारण पिल्लाचं सगळं आयुष्य जमिनीत मुळांशी उकरण्यात जातं. मादीच्या कातीला पोटाच्या टोकाशी खालून एक खाच दिसते, नराच्या कातीला ती नसते. म्हणजे उडून गेलेला किडा नर होता की मादी, हे नुसत्या टरफलावरून सांगता येतं. पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी सगळ्या ४१ काती टेबलावर मांडून नर-मादी वेगळे केले. झोपायला दीड वाजला.

मग ११ जून २०२३ चा रविवार. मी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवून घेतली होती. ती आणि तीन बरण्या घेऊन पश्चिमेच्या डोंगरात गेलो. जंगल सरकारी आहे एवढं माहीत होतं. राखीव वन म्हणजे नेमकं काय, ते माहीत नव्हतं. एका बरणीत दोन सिकाडा होते, तेवढ्यात वनरक्षक आले. त्यांनी शांतपणे जाळी घेतली, बरण्या घेतल्या, आधार कार्ड मागितलं आणि चौकीवर जबाब लिहून घेतला. किडे तिथेच सोडायला लावले. मी घाबरलो होतो. घरी काय सांगायचं हाच विचार डोक्यात. निघताना जाळी परत देत ते म्हणाले, "तुम्ही चोर न्हाई हे दिसतंय मला. पर कायदा किड्यालाबी हाय. रीतसर अर्ज करा."

घरी येऊन कायदा वाचला. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये 'वनउपज' या शब्दाची व्याख्या आहे. जंगलातले वन्यप्राणी, त्यांची कातडी, शिंगं, हाडं, कोश, मध आणि प्राण्यांचे इतर सगळे भाग व उत्पादनं त्यात येतात. म्हणजे राखीव वनातल्या खोडावरची रिकामी कातसुद्धा वनउपज झाली. मी तोवर समजत होतो की पडलेली वस्तू उचलायला कुणाची हरकत असणार? अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो आणि तिथून काहीही हलवायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. म्हणून कोयना, चांदोली, सागरेश्वर ही नावं मी तेव्हाच वहीतून खोडली. नवख्या माणसाने तिथे डोळे आणि कान घेऊन जावं, बाकी सगळं सामान घरी ठेवावं.

१० जुलै २०२३ ला मी वनविभागाकडे साध्या कागदावर अर्ज दिला. 'मला सिकाडाची आवड असून अभ्यासासाठी किडे पकडण्याची परवानगी मिळावी.' एवढंच. ४७ दिवसांनी, २६ ऑगस्टला, अर्ज परत आला. कारण एका ओळीचं: संस्थेचं शिफारसपत्र व संशोधन प्रस्ताव जोडलेला नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज तोच अर्ज माझ्यासमोर आला तर मीही परत करीन. किती किडे, कुठून, कशासाठी, पुढे त्यांचं काय करणार, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गेलो. तिथल्या मॅडमची मोटार मी दुरुस्त केली होती, ओळख तेवढीच. मिठाईचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकेक कात चिमट्याने उचलून बघितली आणि विचारलं, "ही कुठली?" मी म्हणालो, बहुतेक यवतेश्वरची. "तारीख?" मला सांगता येईना. "झाड कुठलं? जमिनीपासून किती उंचीवर होती?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, किडा पुन्हा मिळतो. तो दिवस आणि ती जागा पुन्हा मिळत नाही. चिठ्ठी नसलेला नमुना आम्हाला ठेवता येत नाही." त्या ४१ काती आजही माझ्याकडे आहेत, शेजारच्या मुलांना दाखवायला. अभ्यासाला त्यातली एकही उपयोगी पडली नाही.

हा छंद ज्यांना सुरू करायचाय त्यांना मी दुसरं काही सांगण्याआधी हेच सांगीन. जाळी नंतर घ्या, वही आधी घ्या. माझी चिठ्ठी आता अशी असते: महाराष्ट्र, सातारा जिल्हा, तालुका, गाव, जागेचं नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, झाड, खोडावरची उंची, गोळा करणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक. सगळं जागेवरच, पेन्सिलीने. पेनची शाई ओल लागली की फुटते. घरी जाऊन लिहीन म्हणाल तर तीन झाडांची सरमिसळ झालीच म्हणून समजा.

सप्टेंबर ते डिसेंबर मॅडमनी दर शनिवारी दुपारी एक तास दिला. सिकाडा टाचायचा कसा, तर छातीच्या मधल्या भागावर, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे एक बाजू तरी पूर्ण अखंड राहते. साधी टाचणी वापरायची नाही, ती गंजते आणि गंजाने किडा फुटतो. कीटकांसाठीच्या वेगळ्या स्टीलच्या पिना येतात. १०० पिनांचं पाकीट मला ४५० रुपयांना पडलं. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी सुताराकडून करून घेतली, १,४०० रुपये. हिरवा सिकाडा वाळला की तपकिरी होतो, म्हणून जिवंतपणीच रंगाचा फोटो काढायचा. बायकोने फ्रीजरचा एक कोपरा दिला आणि तिथल्या डब्यावर स्वतःच मोठ्या अक्षरात 'किडे' असं लिहून चिकटपट्टी लावली.

ओळख पटवणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. डब्ल्यू. एल. डिस्टंट या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सिकाडांचं वर्णन केलेला खंड १९०६ चा आहे आणि तो आजही उघडावा लागतो. इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातली बरीच वर्णनं रंग आणि पंखांवरून केलेली आहेत. आता नराच्या जननेंद्रियाची रचना आणि पोटाखालच्या झाकणांचा आकार बघितल्याशिवाय कुणी नाव देत नाही. केरळात ज्याला वर्षानुवर्षं मलेशियाकडच्या एका जातीचं नाव लावलं जात होतं, तो वेगळाच निघाला आणि २०२५ मध्ये त्याला पुराना चीवीडा हे नाव मिळालं, मल्याळममधल्या चीवीडु या शब्दावरून. लोकांच्या तोंडचा शब्द शास्त्रीय नावात गेला, याचा मला खूप आनंद झाला.

दुसरा अर्ज १८ डिसेंबर २०२३ ला दिला. आता प्रमुख म्हणून मॅडम आणि सहायक म्हणून मी. सोबत महाविद्यालयाचं शिफारसपत्र आणि तीन पानी प्रस्ताव: उद्देश, जागा, कालावधी, पद्धत, प्रत्येक प्रकारचे जास्तीत जास्त किती नमुने (आम्ही तीन लिहिले, दोन नर आणि एक मादी), ते कायमचे कुठे ठेवणार आणि अहवाल कधी देणार. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक फेरीत मला पहिला प्रश्न तोच आला, "आवक नंबर काय?"

९ फेब्रुवारी २०२४ ला त्रुटीपत्र आलं. जागेचा नकाशा हवा आणि त्यावर वनाचा कक्ष क्रमांक हवा. सहभागी सगळ्यांची ओळखपत्रं हवीत. वणवा लावणार नाही, मुक्काम करणार नाही, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त नमुने घेणार नाही, असं हमीपत्र हवं. कक्ष क्रमांक कुठे मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. ज्या वनरक्षकांनी मला पकडलं होतं, त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी चौकीतल्या नकाशावर बोट ठेवून दाखवला आणि डोंगराच्या कुठल्या दांडापासून कुठल्या ओढ्यापर्यंत तो कक्ष जातो, तेही समजावलं. हमीपत्राला शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्स आणि नकाशाची रंगीत प्रिंट मिळून ६४० रुपये गेले. २२ फेब्रुवारीला उत्तर दिलं. आता परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांचा अभिप्राय यायचा होता.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. साताऱ्याचं मतदान ७ मे ला होतं. ज्यांच्याकडे फाइल होती ते निवडणुकीच्या कामावर. एप्रिल उजाडला, सिकाडा ओरडायला लागले आणि माझ्या हातात कागद नाही. रात्री दुकान बंद करताना समोरच्या झाडातून आवाज यायचा आणि पोटात कालवायचं. मार्ग मॅडमनीच काढला: "मालकी जमिनीत काम करा."

हे आधीच सुचायला हवं होतं. दाजींची आमराई मालकीची. तरी खात्री करायची म्हणून डिजिटल सहीचा सातबारा काढला, १५ रुपये. त्यात कळलं की खातं सामायिक आहे, दाजींसोबत त्यांच्या दोन चुलतभावांची नावं आहेत. एक भाऊ मुंबईत. मग संमतीपत्र लिहून दोघांच्या सह्या गावात घेतल्या, तिसऱ्याची सही यायला १२ दिवस लागले. घरच्याच माणसांकडून सही मागताना अवघडल्यासारखं झालं खरं. पण संग्रहात नमुना देताना 'हा कुठल्या हक्काने घेतला' असं विचारलं जातं. तेव्हा हाच कागद पुढे केला.

४ मे २०२४, शनिवार. हा दिवस मी विसरणार नाही.

आदल्या तीन शनिवारी मी आमराईत फक्त ऐकलं होतं. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर डब्ल्यूएव्ही प्रकारातच, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये करा आणि फोनची आवाज साफ करणारी सोय बंद ठेवा. ती सोय सिकाडाचा आवाज कचरा समजून गाळते. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं तर आवाज दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला मी तोंडाने तारीख, वेळ, जागा आणि तापमान बोलतो. आमराईत दोन वेगळे आवाज होते. एक दुपारचा, लांब चढणारा. दुसरा दिवस मावळताना, जाडसर, मोटारीला एक फेज कमी मिळाल्यावर येतो तसा घरघरणारा. हा संध्याकाळचा कोण, हे मला हवं होतं. नुसता आवाज किंवा नुसता किडा असून भागत नाही. ज्याचा आवाज मुद्रित केला तोच नर हातात यावा लागतो, तरच दोन्ही एकमेकांना जोडता येतात.

६ वाजून २५ मिनिटांनी त्याने सुरुवात केली. भाचा बारा फुटी बांबूला जाळी बांधून तयार होता. मी एक पाऊल टाकलं, आवाज बंद. थांबलो. घड्याळात ११ मिनिटं गेली. पुन्हा सुरू झाला तेव्हा मी चपला काढून चालू लागलो. खोडाच्या मागून आवाज येतोय असं वाटायचं, मागे गेलं की समोरून यायचा. मानेवर बारीक थेंब पडले. आभाळ मोकळं होतं. झाडाचा पाणचट रस ओढून सिकाडा जादा पाणी वरून टाकतात, तेच हे थेंब. त्या थेंबांच्या रेषेत वर पाहिलं आणि नऊएक फुटांवर सालीचा एक तुकडा किंचित थरथरताना दिसला. पंख इतके ठिपक्याठिपक्यांचे, सालीच्याच रंगाचे, की नजर हलवली असती तर पुन्हा सापडला नसता. मी हात वर केला, भाच्याने जाळी टेकवली.

मुठीत धरल्यावर तो जोरात कर्कश ओरडला. सापडलेला नर असा ओरडतो, तो आवाज गाण्यापेक्षा वेगळा असतो. माझ्या बोटांची कातडी झिणझिणली. मोटारीच्या स्टेटरवर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, हात ठेवून करंट गळतोय का बघताना लागते तशी ती थरथर, पण ही जिवंत होती. त्याला बरणीत घालताना मला बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. जमिनीत वर्षानुवर्षं मुळांचा रस ओढून मोठं व्हायचं, शेवटचे काही आठवडे वर यायचं आणि त्यातला एक मी न्यायचा. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे: ज्याचं गाणं वहीत आहे आणि ज्याचा नमुना संग्रहात नाही, तेवढाच घ्यायचा. बाकीचे दिव्याखाली मेलेले मिळतात, ते पुष्कळ आहेत.

तो प्लॅटिप्लुरा या प्रजातीतला निघाला. त्याच रात्री आठनंतर ताईच्या सासूबाईंनी मला परसात हाक मारली. कंदील घेऊन त्या उंबराच्या बुंध्याशी वाकल्या होत्या. मातीने माखलेलं पिल्लू खोडावर चढत होतं. आम्ही चौघं तिथेच बसलो. पाठ उलली, आतून फिकट हिरवट अंग फुगत बाहेर आलं, मागे उलटं लोंबलं, बराच वेळ तसंच राहिलं, मग उठून स्वतःच्याच कातीला धरून बसलं. चुरगळलेले पंख हळूहळू भरत गेले. याला तासाच्या वर लागला. सासूबाई ७८ वर्षांच्या, जन्म त्याच खोऱ्यातला. म्हणाल्या, "एवढी वर्सं टरफलं बघितली रं, निघताना आज बघितला." त्याला आम्ही हात लावला नाही. कात मात्र सकाळी चिठ्ठीसकट घेतली, क्रमांक १७.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सिकाडाच्या दोन ठरावीक टोळ्या, एक १३ वर्षांनी येणारी आणि एक १७ वर्षांनी, १८०३ नंतर पहिल्यांदा एकाच वेळी वर आल्या. बातम्या झाल्या आणि दुकानात येणारा जो तो विचारायला लागला, आपले किती वर्षांनी येतात? आपल्याकडचे दर वर्षी दिसतात, कारण पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. भारतात ठरावीक वर्षांनी एकदम वर येणारा म्हणून ओळखला जातो तो मेघालयातल्या री-भोई भागातला क्रेमिस्टिका रिभोई, दर ४ वर्षांनी. २०२२ ला आला होता, फुटबॉलच्या विश्वचषकाच्याच वर्षी.

वनविभागाचं परवानगीपत्र २४ जून २०२४ चं. दुसऱ्या अर्जापासून १८९ दिवस. मुदत एक वर्ष. पत्र हातात आलं तेव्हा डोंगरात पाऊस कोसळत होता आणि आवाज बंद झाले होते. ते पावसाळी महिने आणखी एका कारणाने जड गेले. पेटीत डांबरगोळ्या होत्या, पण हवेची ओल मी हिशेबात धरली नव्हती. ऑगस्टमध्ये सात नमुन्यांवर बुरशी चढली, त्यातले तीन गेले. आता प्लायवूडच्या पेटाऱ्यात पिवळा ४० वॅटचा बल्ब, वर जाळीचा कप्पा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, असं जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालू ठेवतो. साताऱ्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी हे पहिल्याच वर्षी करावं.

२०२५ चा हंगाम ९ एप्रिलला सुरू केला. परवानगीत अट होती की प्रत्येक फेरीच्या दोन दिवस आधी कळवायचं आणि सोबत वनरक्षक असले पाहिजेत. सोबत मला पकडणारेच वनरक्षक आले. ११ फेऱ्या ठरल्या होत्या, ७ झाल्या. मे च्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पाऊस लागला. २६ मे ला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. हंगामाचं तोंड मिटलं.

त्या सात फेऱ्यांतली एक गोष्ट सांगायची राहिली. जांभळाच्या एका झाडाखाली मॅडमची विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "काका, वर फार बारीक आवाज आहे." मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मुद्रण केलं. घरी ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडून आवाजाचं चित्र काढलं, तर १४ किलोहर्ट्झच्या वर एक स्वच्छ पट्टी. पंचवीस वर्षं ग्राइंडर आणि मोटारींजवळ काढल्यावर माझे कान वरच्या पट्टीला उरलेले नाहीत. आवाजाच्या मागे लागलेल्या माणसाला हे कळणं सोपं नव्हतं. दोन दिवस मी फाइल उघडली नाही. मग नोंद केली, 'ऐकू आला नाही, चित्रात आहे.' मॅडमनी बजावलं की तो सिकाडाच आहे असं गृहीत धरायचं नाही, नाकतोड्यांचे भाऊबंदही तेवढ्या वर गातात. नमुना मिळाला नाही, म्हणून ती नोंद अजून नावाशिवाय आहे. ज्यांचं वय चाळिशीपुढे आहे त्यांनी एखादं तरुण माणूस सोबत न्यावं आणि प्रत्येक मुद्रणाचं चित्र काढून बघावं.

१८ जुलैला अहवाल दिला, आवक शिक्क्यासह. १ ऑगस्टला नमुने जमा झाले. ज्यांना संस्थेची ओळख नाही त्यांच्यासाठी: भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. पण सुरुवात जवळच्या महाविद्यालयापासून करा, शनिवारी विचारायला जाता येतं असं ठिकाण हवं. परदेशातल्या कुणी नमुने पाठवायला सांगितले तर पाठवू नका, त्यासाठी जैवविविधता कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. तीन वर्षांचा एकूण खर्च, पेट्रोल धरून, माझ्या वहीत १४,३०० रुपये निघतो. त्यात सगळ्यात मोठा आकडा पेट्रोलचाच.

रजिस्टरमध्ये मॅडमनी नोंद केली तेव्हा ४ मे च्या त्या नराला पहिला क्रमांक दिला आणि समोरच्या रकान्यात त्याच्या मुद्रणाचा क्रमांक लिहिला.

ऑक्टोबरमध्ये वनरक्षकांचा निरोप आला, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली एक फाइल. सुरुवातीला त्यांचाच आवाज: तारीख, संध्याकाळचे ६ वाजून १० मिनिटं, कक्ष क्रमांक, झाड जांभूळ. पुढे मला दोन मिनिटं फक्त वारा ऐकू आला. चित्र काढलं, १४ च्या वर तीच पट्टी आहे. त्या कक्षासाठी नवा अर्ज लिहायला घेतलाय. शिफारसपत्र, नकाशा आणि हमीपत्र या वेळी पहिल्याच दिवशी जोडतोय.